दुसरं ग्राफिक्स कार्ड लावू का?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या एका पोरानं विचारलं आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "दादा, माझ्याकडे रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे, बी४५० बोर्ड, ८ जीबीची एक रॅम, एसएसडी, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबीवालं. सायबरपंक २०७७ गेम लावली की अटकून राहिली. मित्र त्याचं तसंच ५८० साडेसहा हजारात देऊन राहिला. बोर्डावर दुसरा स्लॉट रिकामाच आहे. दोन्ही लावले तर १६ जीबी ग्राफिक्स होईल ना? सोयाबीनचे पैसे आले तर बाबा बारा हजारांपर्यंत हो म्हणाले."

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. दुसरं ५८० घेऊ नको. सायबरपंकमध्ये त्यानं एका फ्रेमचाही (पडद्यावरच्या एका चित्राचाही) फरक पडणार नाही, कारण दोन कार्डांकडून मिळून काम करून घ्यायची सोय त्या गेममध्ये ठेवलेलीच नाही. दुसरं कार्ड स्लॉटमध्ये नुसतं बसून राहील. आणि १६ जीबी होणार नाही, ८ चे ८ च राहतील. तुझी गेम अटकते त्याचं कारण मला वेगळंच दिसतं, त्यावर खाली येतो. पण बाबांनी सोयाबीनच्या पैशातून हो म्हटलं आहे, म्हणून नुसतं "नको" म्हणून मोकळा होत नाही. असाच प्रश्न महिन्याकाठी दोन-तीन पोरं माझ्या दुकानात येऊन विचारतात. सगळ्यांसाठीच नीट लिहितो.

दोन कार्डांची कल्पना खोटी नव्हती, हे आधी मान्य करू. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं वूडू २ कार्ड आलं. त्यातली दोन जोडली की एक कार्ड चित्रातल्या सम ओळी काढायचं आणि दुसरं विषम. या जोडणीचं नाव एसएलआय. त्या काळात याचा खरोखर फायदा व्हायचा. पुढे त्या कंपनीचं तंत्र ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाकडे गेलं आणि २००४ साली एनव्हिडियानं एसएलआय हेच नाव वेगळ्या अर्थानं पुन्हा आणलं. २००५ मध्ये एटीआय कंपनीची तशीच जोडणी आली, क्रॉसफायर, ती नंतर तुझं ५८० बनवणाऱ्या एएमडीकडे गेली. त्यानंतर दहा-बारा वर्षं दोन कार्डांचा पीसी म्हणजे मोठी गोष्ट होती. काचेच्या कॅबिनेटमधले तसले फोटो तू पाहिले असशील, तिथूनच ही इच्छा येते.

पण नव्या पद्धतीत ओळी वाटून घेणं मागं पडलं होतं. बहुतेक गेममध्ये फ्रेम वाटल्या जायच्या: पहिली फ्रेम एका कार्डानं काढायची, दुसरी दुसऱ्यानं, तिसरी पुन्हा पहिल्यानं. इथंच तुझ्या १६ जीबीचं उत्तर आहे. प्रत्येक कार्डाला आपली फ्रेम पूर्ण काढायची असते, म्हणून भिंती, रस्ते, माणसं, कपडे हे सगळं सामान दोन्ही कार्डांच्या मेमरीत वेगवेगळं भरावं लागतं. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घेतल्या म्हणून वाचायला नवीन काही भेटत नाही. ८ आणि ८ जीबीत एकच सामान दोनदा भरलेलं असतं.

दुसरी अडचण फ्रेम पडण्याच्या तालाची. ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम) म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक फ्रेम. एका कार्डावर या फ्रेम साधारण सारख्या अंतरानं पडतात. दोन कार्डांवर मात्र एक फ्रेम ५ मिलिसेकंदांनी यायची आणि पुढची २८ नं. सरासरी काढली तर साडेसोळा, म्हणजे कोपऱ्यातला आकडा ६० च दाखवणार. डोळ्याला मात्र तो २८ चा खड्डा जाणवतो आणि गेम पस्तीस-चाळीसवर असल्यासारखी वाटते. यालाच मायक्रोस्टटर म्हणतात. डवरणीला जुंपलेल्या जोडीतला एक बैल पुढं ओढत असला आणि दुसरा मागं राहत असला की तास वाकडा जातो, मग दोघांचं बळ मिळून कितीही असो. तसाच हा प्रकार.

हे मी स्वतः लावून पाहिलेलं आहे. २०१३ च्या सुरुवातीला यवतमाळला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका पोराला मी दोन एचडी ७८५० कार्डं लावून दिली होती. त्या काळात माझाही यावर विश्वास होता. आकडे सुंदर आले, मी खूश, तोही खूश. चार दिवसांनी तो परत आला आणि म्हणाला, "दादा, साठ दाखवून राहिलं, पण साठ वाटून नाही राहिलं." मी ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) बदलले, विंडोज नवीन टाकली, रॅम बदलून पाहिली. काही उपयोग झाला नाही. त्याच वर्षी फ्रेमची अंतरं मोजणारी साधनं आली आणि तो पोरगा बरोबर बोलत होता हे साऱ्या जगाला दिसलं. ऑगस्टमध्ये एएमडीनं फ्रेमचा ताल धरणारा ड्रायव्हर काढला, त्यानं बरंच सुधारलं. तरी प्रत्येक नवीन गेम आली की तिच्यासाठीचं प्रोफाइल, म्हणजे दोन कार्डांची जुळवणी, येईपर्यंत थांबायचं, आणि कधी ते यायचंच नाही. वर्षाच्या आत त्यानं दोन्ही कार्ड विकून एक मोठं घेतलं. तेव्हापासून गेमिंगसाठी मी कुणालाही दोन कार्ड लावून दिलेली नाहीत.

मधल्या काळात तर हा मार्ग कंपन्यांनीच बंद केला. २०१६ मध्ये एनव्हिडियानं जीटीएक्स १०६० काढलं, म्हणजे आपल्यासारख्यांच्या खिशातलं कार्ड, आणि त्यात एसएलआयचा जोडच ठेवला नाही. नंतरच्या १६५० आणि १६६० मध्येही तो नाही, त्यामुळे ती कार्डं असणाऱ्यांना तर हा प्रश्न पडायचीही गरज नाही. २०१८ च्या आरटीएक्स मालिकेत जोड फक्त वरच्या कार्डांना राहिला. २०२० मध्ये तो एकट्या ३०९० वर उरला. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियानं एसएलआयची नवीन प्रोफाइल काढणं थांबवलं. २०२२ च्या ४०९० वर जोड नाहीच, आणि ते तर त्या पिढीतलं सगळ्यात महाग कार्ड. एएमडीनंही २०१९ च्या आरएक्स ५७०० पासून क्रॉसफायर सोडून दिलं. तुझं ५८० हे क्रॉसफायर चालणाऱ्या शेवटच्या मधल्या कार्डांपैकी एक आहे. म्हणून तुझ्या ड्रायव्हरमध्ये ते बटण दिसतं, आणि म्हणूनच मित्राचं म्हणणं तुला खरं वाटलं. बटण खरंच आहे. त्याला साथ देणाऱ्या नव्या गेम उरल्या नाहीत.

असं का झालं, तेही सांगतो, कारण यात कुणाचा आळस नाही. आजकालच्या गेममध्ये फ्रेम काढताना मागच्या फ्रेमचा आधार घेतात. कडा गुळगुळीत करायला, सावल्या स्थिर ठेवायला, लहान चित्र मोठं करायला, सगळीकडे मागची फ्रेम लागते. दोन कार्डं आळीपाळीनं काम करत असतील तर मागची फ्रेम नेहमी दुसऱ्या कार्डाकडे असते. ती तिकडून आणायची म्हणजे थांबायचं, आणि थांबायचं तर दुसऱ्या कार्डाचा फायदा तिथंच संपला. शिवाय २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ (विंडोजमधला गेम आणि कार्ड यांच्यातला दुवा) पासून दोन कार्डांत काम वाटायची जबाबदारी ड्रायव्हरकडून गेम बनवणाऱ्यांकडे गेली. ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी, राइज ऑफ द टूम्ब रेडर, स्ट्रेंज ब्रिगेड अशा मोजक्या गेममध्ये ते काम मनापासून केलेलं आहे. बाकीच्यांनी केलं नाही, कारण दोन कार्डं असणारे लोक किती? प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्समध्येही ग्राफिक्सची चिप एकच असते.

जुन्या गेमपैकी २०१५ ची जीटीए ५ क्रॉसफायर ओळखते, तेही फुल स्क्रीनवर ठेवली तरच. पण ती तुझ्या एका ५८० वर आधीच छान चालत असणार. व्हॅलोरंटला दुसऱ्या कार्डाचं काही कामच नाही, ती जास्त करून प्रोसेसरवर चालते. मोबाइलच्या गेम एम्युलेटरवर खेळणाऱ्यांचंही तेच.

आता तुझा बोर्ड. दुसरा लांब स्लॉट रिकामा आहे म्हणतोस, पण त्याच्या लांबीवर जाऊ नको. रायझन ३६०० कडून ग्राफिक्ससाठी १६ लेन (माल नेण्याच्या वाटा) येतात आणि बहुतेक बी४५० बोर्डांवर त्या सगळ्या वरच्या स्लॉटला जातात. खालचा स्लॉट दिसायला तेवढाच लांब असला तरी तिथं तो चिपसेटवरून, म्हणजे बोर्डावरच्या वेगळ्या चिपवरून, येतो: चारच लेन, आणि त्याही जुन्या पीसीआय एक्सप्रेस २.० च्या. वरचा स्लॉट सेकंदाला साधारण १६ जीबी ने-आण करतो, खालचा २ जीबी. त्यात ५८० ला जुन्या कार्डांसारखी वरून जोडायची पट्टी नसते, दोन्ही कार्डांची सगळी देवाणघेवाण याच स्लॉटांमधून होते. म्हणजे चौपदरी रस्ता एकदम पांदणीत उतरावा तसं.

इथवर झाली तांत्रिक बाजू. आपल्या गावांत यापेक्षा मोठी अडचण लाइनची आणि उन्हाची आहे. शहरातल्या सल्ल्यांमध्ये याबद्दल काही नसतं, म्हणून इथं जरा थांबून सांगतो.

एक ५८० पूर्ण जोरात असताना १८५ वॅटच्या आसपास खातं. दोन म्हणजे ३७०. प्रोसेसर, बोर्ड, पंखे, ड्राइव्ह आणि एसएमपीएसमधला तोटा धरला की भिंतीतून ५०० वॅटच्या वर ओढ लागते. तुझा एसएमपीएस ४५० चा आहे. गावात ज्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेलं असतं, त्यातले बरेच १२ व्होल्टच्या लाइनवर तेवढं देतच नाहीत, आणि कार्ड खातं ते १२ व्होल्टवरूनच. डब्यावरच्या मोठ्या आकड्याकडे पाहू नको. बाजूला लहान तक्ता चिकटवलेला असतो, त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते वाच आणि त्याला १२ नं गुण. तो तुझा खरा आकडा.

आणि ५८० ला ८ पिनची वायर लागते. एसएमपीएसला अशी दुसरी वायर नसली की पोरं हार्ड डिस्कच्या चार पिनी जोडावरून कन्व्हर्टर लावतात. ८ पिनच्या जोडातून १५० वॅटपर्यंत ओढलं जातं आणि ती बारीक वायर त्यासाठी केलेली नसते. माझ्याकडे एक कॅबिनेट असं आलं होतं की कन्व्हर्टरचं प्लास्टिक वितळून कार्डाच्या पिनांवर बसलं होतं. कार्ड गेलं, एसएमपीएस गेला. ज्या खोलीत तो पीसी होता तिथंच कापूस भरून ठेवलेला होता. त्या घरी रात्री काय होऊ शकलं असतं, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो. दिवाळीनंतर आपल्याकडे अर्ध्या घरांत भाव वाढायची वाट पाहत कापूस खोलीत पडलेला असतो. त्या खोलीत पीसी ठेवायचाच नाही, एक कार्ड असो की दोन.

यूपीएसचं पाहू. गावात साधारण ६०० व्हीएचा यूपीएस असतो, त्याची खरी ताकद ३६० वॅटच्या आसपास. एका ५८० चा पीसी आणि मॉनिटर त्यावर कसाबसा निभतो. दोन कार्डं लावली तर लाइन गेल्याबरोबर यूपीएस ओरडून बंद पडणार. मग तो घेतला कशाला? इन्व्हर्टरवर चालवणाऱ्यांनी तो साइन वेव्हवाला आहे का ते पाहावं, स्क्वेअर वेव्हवर चांगले एसएमपीएस कुरकुर करतात. आणि रात्री मोटारी सुरू झाल्या की काही गावांत व्होल्टेज १८० च्या खाली येतं. व्होल्टेज पडलं की तेवढ्याच वॅटसाठी करंट जास्त ओढला जातो, वायरी तापतात. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर घराचं अर्थिंग बरोबर नाही. कार्डाचा विचार नंतर कर, आधी वायरमनला बोलाव.

बिलाचाही हिशेब सांगतो. जास्तीचं एक कार्ड रोज चार तास पूर्ण जोरात चाललं तर महिन्याला २२ युनिट होतात. घरचं बिल १०० युनिटच्या काठावर असेल तर हे २२ युनिट पुढच्या, महाग दराच्या टप्प्यात जाणार. बाबा बिल पाहतात, तुला माहीत आहे.

मग उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, टिनाखालच्या खोलीत रात्री दहालाही भिंती तापलेल्या असतात. खोली जेवढ्या अंशांनी तापते, साधारण तेवढ्याच अंशांनी कार्डही तापतं. जानेवारीत ७० वर चालणारं कार्ड मेमध्ये ८५ च्या घरात जातं आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. त्यात दोन कार्डं एकाखाली एक असली की खालच्याची गरम हवा वरचं कार्ड ओढतं. कॅबिनेट उघडून समोर कूलर लावला की झालं, असं अनेकांना वाटतं. कूलर लांब असेल तर हरकत नाही. पण जवळ लावला की हवेबरोबर बारीक तुषार येतात, आणि बोअरचं पाणी जड असलं की तोच पांढरा थर फिनांवर आणि जोडांवर बसतो. दोन उन्हाळ्यांत हिरवे पडलेले जोड मी पाहिले आहेत. त्याच्या जोडीला कापसाचा तंतू. जिनिंगजवळच्या गावांतली कार्डं उघडली की पंखा आणि फिनांच्या मधे रुईची गादी सापडते. ती साफ करताना ब्लोअर मारण्याआधी पंखा बोटानं धरून ठेव, नाही तर तो भलत्याच वेगानं फिरून बेअरिंग जातं.

आता तुझ्या खऱ्या दुखण्यावर येतो. सायबरपंक बनवणाऱ्यांनी २०२३ मध्ये गेमची किमान गरज नव्यानं सांगितली. त्या किमान यादीत ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे? आरएक्स ५८०, ८ जीबी. तुझंच कार्ड! आणि रॅम किती मागतात? १२ जीबी. तुझ्याकडे ८ आहे, तीही एकच. एसएसडी हवी, ती तुझ्याकडे आहे. म्हणजे तुझं कार्ड उंबरठ्यावर आहे आणि रॅम उंबरठ्याच्या बाहेर. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून मेमरीचा रकाना पाहा. ९० टक्क्यांच्या वर असेल तर विंडोज उरलेलं सामान एसएसडीवर ठेवून राहिली, आणि तू वळलास, गाडी पळवली की ते परत आणताना गेम अटकते. दुसरं कार्ड काय, चार कार्डं लावली तरी हे अटकणं जाणार नाही.

म्हणून काही दोन लावायचंच असेल तर रॅम दोन लाव. आधीच्या रॅमच्या वेगाची, शक्य तर त्याच कंपनीची ८ जीबीची दुसरी रॅम घे. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव, बोर्डाला दोनच खाचा असतील तर दोन्हीत. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू कर, नाही तर ३२०० ची रॅम कमी वेगावर पडून राहते. रॅम एकाऐवजी दोन झाल्या की प्रोसेसरला माल नेण्याचे मार्गही दोन होतात, आणि रायझनला त्याचा चांगला फायदा होतो. जोडी लावून खरंच लाभ होण्याची ही एक जागा आहे. मग गेममध्ये एफएसआर (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारी सोय) चालू कर, सेटिंग लो-मीडियममध्ये ठेव, आणि महिनाभर खेळून पाहा. कदाचित एवढ्यावरच तुझं समाधान होईल आणि उरलेले पैसे बाबांना परत देता येतील.

समाधान झालं नाही तर पुढची पायरी कार्ड बदलायची, जोडायची नाही. तुझं ५८० विक आणि त्यात भर घालून आरएक्स ६६०० पाहा. २०२१ चं कार्ड आहे, ८ जीबीचंच, पण ५८० च्या दीडपटीहून जास्त काम करतं आणि खातं १३२ वॅट. तुझ्या आताच्या कार्डापेक्षा ५० वॅट कमी. एसएमपीएस चांगल्या कंपनीचा असेल तर ४५० मध्येच भागतं, यूपीएसवर भार कमी, उन्हाळ्यात खोलीत ताप कमी. १०८०पी वर सायबरपंक बऱ्या सेटिंगवर साठच्या आसपास मिळायला हरकत नाही. माझ्याकडून सेकंड हँड ६६०० बारा ते चौदा हजारांच्या दरम्यान गेले आहेत. भाव वर-खाली होतात, तरी तुझं जुनं कार्ड विकून आणि बाबांच्या पैशात रॅमसकट हे बसतं. मित्राचं ५८० घेतलं असतं तर साडेसहा त्याचे, आणि वर दोन कार्डांना पुरेल असा ६५०-७५० वॅटचा एसएमपीएस पाच-सहा हजारांचा. तेवढेच पैसे, आणि सायबरपंकमध्ये फायदा शून्य.

सेकंड हँड घेताना मात्र डोळे उघडे ठेव. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं राबवून ते कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. नागपूरला सीताबर्डीत ती येतात, तिथून आपल्याकडे. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण पंखे झिजलेले आणि थर्मल पेस्ट वाळलेली असते. काहींचं बायोस, म्हणजे कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर, बदललेलं असतं, ती गेममध्ये बंद पडतात. आणि आरएक्स ५८० विकणाऱ्यांकडे एक गोष्ट नक्की पाहा, कारण यात पोरं फसतात: ५८० या नावानं दोन वेगळी कार्डं आहेत. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्र काढणारे छोटे भाग) असतात, दुसऱ्यात २०४८, म्हणजे ते मुळात ५७० च्या जातीचं. जीपीयू-झेड नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं की एका मिनिटात आकडा दिसतो. मित्राचं कार्ड तसं असेल तर त्यालाही माहीत नसण्याची शक्यता आहे, त्याच्यावर रागावू नको. कार्ड घेण्याआधी अर्धा तास जड गेम चालवून दाखव म्हणायचं. पाच मिनिटांच्या चाचणीवर पैसे द्यायचे नाहीत.

दोन कार्डांचा उपयोग कुठंच नाही, असं मात्र नाही. लग्नाचं व्हिडिओ मिक्सिंग करणारे आपले शूटिंगवाले भाऊ विचारतात, त्यांना मी आधी सॉफ्टवेअर विचारतो. डाविंची रिझॉल्व्हची विकत घ्यायची स्टुडिओ आवृत्ती दोन कार्डं वापरते. विंडोजवर फुकटची एकच वापरते. फोटोशॉपमध्ये अल्बम डिझाइन करणाऱ्यांना दुसऱ्या कार्डाचा काही उपयोग नाही. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये रेंडर करणाऱ्याला दुसऱ्या कार्डानं जवळपास दुप्पट वेग भेटू शकतो, कारण तिथं फ्रेम ठरावीक तालात पडायची घाई नसते, काम तुकड्यांत वाटता येतं. घरच्या पीसीवर एआयची भाषा-मॉडेल चालवणाऱ्यांना तर मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, आणि तिथं ८ आणि ८ मिळून खरोखर १६ सारखं काम होतं. गेममध्ये जे होत नाही ते इथं होतं, कारण इथं एकच सामान दोनदा भरावं लागत नाही.

गेमसाठी एक नवा प्रकार निघाला आहे, त्याबद्दलही पोरं विचारतात: लॉसलेस स्केलिंग नावाचं सॉफ्टवेअर. त्यात मुख्य कार्ड गेम काढतं आणि दुसरं कार्ड मधल्या फ्रेम बनवून घालतं. हे चालतं, मी पाहिलं आहे, आणि घरात जुनं कार्ड पडूनच असेल तर हौसेनं करून पाहायला हरकत नाही. पण मधल्या बनवलेल्या फ्रेम दिसायलाच असतात, तुझ्या माउसला त्या उत्तर देत नाहीत. मूळ गेम ३० वर अटकत असेल तर ती ६० ची दिसेल, हाताला ३० चीच लागेल. शिवाय त्यातही फ्रेम एका कार्डातून दुसऱ्यात जावी लागते आणि तुझ्या बोर्डाची ती पांदण तिथंही आडवी येते. यासाठी साडेसहा हजार घालू नको.

लॅपटॉपवाल्यांसाठी एवढंच: टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू ० आणि जीपीयू १ दिसतात म्हणजे दोन कार्डांची जोडी नव्हे. एक प्रोसेसरमधलं वीज वाचवणारं आणि एक गेमचं, दोघं आळीपाळीनं नाही तर कामाप्रमाणे चालतात. डेस्कटॉपवर कार्ड बसवूनही वेग येत नसेल तर आधी मॉनिटरची वायर बोर्डाच्या पोर्टात आहे की कार्डाच्या, ते पाहा. पन्नास किलोमीटरवरून कॅबिनेट घेऊन आलेल्या माणसाला वायर बदलून परत पाठवताना मला वाईट वाटतं.

तर आधी टास्क मॅनेजर पाहा, गेम चालू असताना मेमरी किती टक्के दिसते ते मला कळव. आणि एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो काढ, १२ व्होल्टचा रकाना स्पष्ट दिसेल असा. मित्राला हो किंवा नाही म्हणायच्या आधी कॅबिनेट घेऊन दुकानात ये. माझ्याकडे ८ जीबीची एक रॅम आणि एक ६६०० तपासणीसाठी ठेवलेलं आहे. आधी नुसती रॅम लावून तुझीच गेम चालवू, मग कार्ड बदलून चालवू. दोन्ही तू स्वतः खेळून पाहा आणि बाबांनाही सोबत आण.